कुत्र्याची खाज : लूत, पिसवा की वावडे?



गेल्या पावसाळ्यात उसाची पाहणी करायला करवीर तालुक्यातल्या एका वस्तीवर गेलो होतो. सोप्यात पोरांचे लाडके, पामेरियन जातीचे छोटे कुत्रे आडवे पडले होते. तोंडातून लाळ गळत होती, पाय थरथरत होते. घरधन्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, "साहेब, महिनाभर लई खाजवतंय. लूत लागली म्हणून उसावर मारायचं औषध पाण्यात कालवून अंगाला चोळलं."

हातात पिशव्या बांधून कुत्रे साबणाच्या पाण्याने धुतले, औषधाची बाटली बरोबर घेतली आणि पशुवैद्यकीय दवाखाना गाठला. वेळेवर सुई मिळाली म्हणून ते वाचले. तपासून डॉक्टर म्हणाले, "ही लूत नव्हेच. याला पिसवांचं वावडं आहे."

मी शेतीखात्याचा माणूस, जनावरांचा डॉक्टर नव्हे. पण पिकावरच्या औषधाने कुत्री मरताना पाहिली आहेत, म्हणून हा लेख.

खाज कुठे आहे ते आधी पाहा

शेपटीच्या बुडाशी, कमरेवर आणि मांड्यांवर खाज असेल, तर पिसवांचा संशय घ्या. पिसू चावते तेव्हा तिची लाळ कातडीत जाते. ती लाळ ज्या कुत्र्याला मानवत नाही, त्याला थोड्या पिसवाही पुरतात. ओला पांढरा कागद खाली ठेवून केस विंचरा. पडलेले काळे कण विरघळून तांबूस झाले, तर ती पिसवांची विष्ठा समजा.

कानांच्या कडा, कोपरे आणि पोट खाजून केस गळत असतील, खपल्या धरत असतील, तर लूत असू शकते. ती अतिसूक्ष्म किड्यांमुळे होते आणि दुसऱ्या कुत्र्याला लागते. कुत्र्याला कुशीत घेणाऱ्या पोरांच्या अंगालाही खाज सुटते. घरात असे झाले, तर डॉक्टरांना जरूर सांगा.

पंजे चाटणे, कान खाजवणे, पोट लाल होणे हे ठरावीक हंगामात होत असेल, तर ते परागकण, धूळ किंवा बुरशीचे वावडे असू शकते. गाजर गवत, चिपाडाचा भिजका ढीग यांपासून कुत्रे लांब ठेवा. बारमाही खाज असेल तर खाण्याचेही वावडे असू शकते. अशा वेळी डॉक्टरांच्या सल्ल्याने पूर्वी न दिलेले एकच अन्न किमान ८ आठवडे द्यावे लागते. त्या काळात पोरांनी चोरून बिस्कीट दिले, तरी सगळी मेहनत वाया जाते. कांदा-लसणाचा रस्सा तर कुत्र्याला कधीच देऊ नये.

घरी काय करावे

पिसवा अंगावर थोड्या, जागेत फार. अंडी पोत्यात, फटीत, मातीत पडतात. उबदार हवेत ३ ते ४ आठवड्यांत नवी पिढी तयार होते. म्हणून कुत्र्याचे पोते दर आठवड्याला कढत पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. जागा झाडून कचरा जाळा. डॉक्टरांनी दिलेले पिसवांचे औषध घरातल्या सगळ्या कुत्र्यांना, सांगितलेल्या वजनाप्रमाणे, निदान ३ महिने चालू ठेवा. मांजराला मात्र ते लावू नका. कुत्र्याची काही औषधे मांजराच्या जिवावर बेततात.

आंघोळ कोमट पाण्याने घाला. डॉक्टरांनी दिलेला शांपू १० मिनिटे अंगावर राहू द्या, मग स्वच्छ धुऊन कोरडे पुसा. धुण्याचा सोडा आणि कपड्याचा साबण कातडी कोरडी करतात, खाज वाढवतात.

हे करू नका

पिकावरचे औषध, जळके ऑईल, रॉकेल अंगाला लावू नका. कुत्रे अंग चाटते, विष पोटात जाते. पूर्वी बी.एच.सी. पावडर गोठ्यात सर्रास वापरत. तिच्यावर १९९७ साली देशात बंदी आली. कुणाच्या माळ्यावर जुना डबा उरला असेल, तर तो वापरू नका. गाई-म्हशींची गोचिडाची सुई अंदाजाने कुत्र्याला टोचू नका. माणसाचे खाजेचे मलमही लावू नका. खाज थांबली म्हणून डॉक्टरांच्या गोळ्या मध्येच बंद करू नका.

लाळ गळणे, थरथर, उलटी, झोकांड्या ही विषबाधेची लक्षणे. ती दिसताच अंग धुवा आणि बाटलीसह दवाखाना गाठा. घरी उपाय करीत वेळ घालवू नका.

दवाखान्यात जालच तेव्हा पिसाळ रोगाची लसही टोचून घ्या.

त्या वस्तीवर दिवाळीत पुन्हा गेलो. कुत्र्याच्या कमरेवर नवे केस आले होते. मला पाहून ते भुंकत धावून आले. कारभारीण हसून म्हणाली, "साहेब, आता औषधाचा डबा कुलपात असतोय. किल्ली माझ्या कमरेला."

आपल्या घरीही तसेच व्हावे, ही विनंती.