बस येणार कधी? कारागिराच्या वेळेचा हिशेब

पुण्यात कोंढव्यात राहून चिंचवडच्या वर्कशॉपात कामाला जाणारे, किंवा मोमिनपुऱ्यातून शिवलेला माल घेऊन पिंपरीच्या बाजारात पोहोचवणारे आमचे वाचक थोडे नाहीत. दुकानाचे भाडे, दोऱ्याचा भाव, विजेचे बिल यांचा हिशेब ते पैशापैशाने ठेवतात. बस थांब्यावर उभे राहण्यात रोजीचा किती भाग जातो, हा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. बसच्या फोनवर कळणाऱ्या वेळा, स्वतंत्र मार्गिका, उंच फलाट यांविषयी अलीकडे बरेच बोलले जाते. या सोयी चालतात कशा आणि धंदेवाईक माणसाने त्यांचा किती भरवसा धरावा, हे आम्ही येथे सांगणार आहोत.

प्रथम थांब्यावरचा हिशेब पाहू. तासाला चार बसगाड्या आहेत असे समजा. त्या बरोबर पंधरा-पंधरा मिनिटांनी आल्या, तर केव्हाही थांब्यावर येणाऱ्या माणसाला सरासरी साडेसात मिनिटे थांबावे लागते. परंतु आपला अनुभव काय? अर्धा तास काही नाही आणि मग एकामागे एक दोन गाड्या. पहिली 28 मिनिटांनी आणि तिच्या मागून दुसरी 2 मिनिटांनी आली, तर तासाला गाड्या चारच भरतात. पण थांबण्याची सरासरी 13 मिनिटांवर जाते. कारण उघड आहे. 28 मिनिटांच्या फटीत जमलेली माणसे पुष्कळ आणि 2 मिनिटांच्या फटीत येणारा एखादाच. गाडी एकही कमी न होता थांबणे जवळजवळ दुप्पट झाले.

कोंढव्याहून स्वारगेट आणि स्वारगेटहून चिंचवड, अशी जाताना दोन व येताना दोन मिळून दिवसाला चार वेळा बस धरावी लागते. प्रत्येक वेळी साडेपाच मिनिटे जादा म्हटली, तरी दिवसाला 22 मिनिटे होतात. महिन्याचे कामाचे 26 दिवस धरा, बेरीज साडेनऊ तासांच्या वर जाते. म्हणजे एका पूर्ण दिवसाची मजुरी थांब्यावर सांडली. तुकड्यावर काम करणाऱ्या शिलाई कारागिराला हा आकडा फार समजावून सांगण्याची गरज नाही.

गाड्या अशा जोडीने का येतात? चालकांचा आळस हे त्याचे कारण नव्हे. एक गाडी सिग्नलवर दोन मिनिटे अडकली की पुढच्या थांब्यावर तिच्यासाठी जास्त माणसे जमलेली असतात. ती चढण्यात आणखी वेळ जातो, गाडी आणखी मागे पडते. तिच्या पाठीमागच्या गाडीला मात्र थांबे रिकामे मिळतात, ती भरभर पुढे येते आणि शेवटी पहिलीला गाठते. हा दोष बसच्या स्वभावातच आहे. तो काढायचा असेल तर दोन गोष्टी हव्यात : रस्त्यात अडवणूक नको आणि चढ-उतार झटपट व्हावी. बीआरटी म्हणजे जलद बस व्यवस्था ही नेमकी या दोन गोष्टींसाठी आहे. बससाठी वेगळी मार्गिका, आणि पायरी न चढता आत जाता येईल एवढ्या उंचीचा फलाट. हातात कापडाचे गाठोडे किंवा हत्यारांची पिशवी असलेल्या माणसाला पायऱ्या नसण्याचे सुख वेगळे सांगायला नको. आपल्या घरच्या वृद्ध स्त्रियांनाही.

पुण्यात असा पहिला प्रयोग डिसेंबर 2006 मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर रस्त्यावर झाला. 2007 मध्ये पुणे व पिंपरी-चिंचवडच्या दोन्ही परिवहन सेवा एकत्र होऊन पीएमपीएमएल ही कंपनी बनली. पहिल्या प्रयोगातील चुका ध्यानात घेऊन 2015 मध्ये ‘रेनबो’ या नावाने नवीन मार्गिका सुरू झाल्या. संगमवाडी-विश्रांतवाडी ही त्यातील पहिली. 2018 मध्ये जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर दापोडी-निगडी मार्गिका आली. उद्योगनगरीत कामाला जाणाऱ्यांच्या दृष्टीने ही शेवटची सर्वांत उपयोगाची, असे आमचे मत आहे. आता मेट्रोही पिंपरीहून स्वारगेटपर्यंत येते (29 सप्टेंबर 2024 पासून), परंतु कोंढव्याच्या माणसाला मेट्रो गाठण्यासाठीसुद्धा आधी बसच लागते.

नव्या मार्गिकांत फलाट रस्त्याच्या मध्यभागी आहेत, म्हणून गाड्यांना उजव्या बाजूनेही दारे ठेवावी लागली. इस्तंबूलकरांनी हाच प्रश्न निराळ्या रीतीने सोडवला. तेथे 2007 मध्ये सुरू झालेली मेट्रोबस आज सुमारे 52 किलोमीटर धावते. तुर्कस्तानात वाहने रस्त्याच्या उजवीकडून चालतात आणि बसची दारेही उजवीकडे असतात. फलाट मधोमध घेतल्यावर त्यांनी नवीन दारे न करता मार्गिकेतील गाड्याच डाव्या बाजूने, म्हणजे इतर वाहतुकीच्या उलट चालवल्या. दारे तीच राहिली! आपल्याकडे मात्र उजवे दार नसलेली गाडी मधल्या फलाटाला लागू शकत नाही. मधल्या फलाटावर उभे असताना बाजूच्या रस्त्याने आपली बस निघून गेली, अशी वेळ आली तर कारण बहुधा हेच असते.

आता फोनवरच्या वेळेकडे वळू. बसमध्ये एक लहान यंत्र बसवलेले असते. ते उपग्रहांच्या आधारे आपली जागा ओळखते आणि मोबाईलच्या जाळ्यावरून दर काही सेकंदांनी ती केंद्रातील संगणकाला कळवते. 1 जानेवारी 2019 पासून नोंदणी होणाऱ्या नवीन प्रवासी वाहनांना असे यंत्र व संकटकाळी दाबावयाचे बटण देशभर सक्तीचे आहे. ही युक्ती फार जुनी नाही. लंडनने 1990 च्या दशकात थांब्यांवर वेळ दाखवणारे फलक लावले, तेव्हा बसची जागा ओळखण्यासाठी रस्त्याच्या कडेला खुणेची यंत्रे उभारावी लागली होती. अमेरिका आपल्या उपग्रहांचे नागरी संकेत मुद्दाम अंधुक करून देत असे. ते तिने मे 2000 मध्ये थांबवले. तोपर्यंत साध्या यंत्रात शंभर मीटरपर्यंत चूक येई. गाडी या चौकात की पुढच्या, हेच समजत नसे.

संगणकाला जागा कळली म्हणजे वेळ कळली असे मात्र नाही. ही गाडी कोणत्या मार्गावरची आणि कोणती फेरी करीत आहे, हे त्याला माहीत असावे लागते. मग उरलेले अंतर आणि त्या रस्त्यावरचा वेग यावरून तो अंदाज बांधतो. चुका होतात त्या बहुतेक येथेच. आगारात ऐनवेळी गाडी बदलली आणि तशी नोंद झाली नाही, तर फोनवर दिसणारी बस रस्त्यावर नसते आणि रस्त्यावर आलेली फोनवर नसते. यंत्र बंद असेल तर ठरलेल्या वेळापत्रकातील वेळ दाखवली जाते, आणि आपण तिलाच खरी समजून बसतो. म्हणून वाचकांनी एवढी सवय लावून घ्यावी : नुसते मिनिटांचे आकडे न पाहता नकाशावर गाडीची खूण पुढे सरकते आहे काय, ते पाहावे. अर्धा मिनिट पुरे. खूण हलत असेल तर भरवसा धरावा. गाडी ज्या थांब्यावरून सुटते तेथेच खिळलेली असेल तर ती अजून निघालेलीच नाही.

मार्गिका आणि फोनवरची वेळ यांचा संबंधही येथेच आहे. मोकळ्या मार्गिकेतील पाच मिनिटांचा अंदाज पाच-सहाच मिनिटांचा राहतो. मिसळलेल्या वाहतुकीत त्याचे पंधरा होतात. फोन बसला वेग देत नाही, ती कोठे अडकली एवढेच सांगतो. नगर रस्त्यावर 2016 मध्ये सुरू झालेली मार्गिका अवघ्या काही वर्षांत काढून टाकण्यात आली. रस्ता मोटारींना मोकळा करावा या मागणीला यश आले. दुकानापुढची गाड्या लावण्याची जागा गेली, ग्राहकाला रस्ता ओलांडता येत नाही, टेम्पो उतरवायला जागा नाही, या व्यापाऱ्यांच्या तक्रारी खऱ्या असतात आणि आम्ही त्या कमी लेखत नाही. तथापि दुकानदाराने आपल्या गल्ल्यावर बसून एक दिवस मोजावे, मोटारीतून उतरणारे ग्राहक किती आणि पायी येणारे किती. आपला कारागीर, आपला नोकर आणि आपले बहुसंख्य ग्राहक बसने येतात. मोटारीची सोय मागताना आपण कोणाची गैरसोय मागत आहोत, हे डोळ्यांआड होऊ नये.

पीएमपीएमएलचे ‘आपली पीएमपीएमएल’ हे ॲप ऑगस्ट 2024 पासून आहे. त्यावर गाडीची जागा दिसते, तिकीट व पासही काढता येतो. याचा खरा फायदा असा की थांब्यावर जाणारा वेळ मशीनवर राहतो. गाडी दोन थांबे दूर असेपर्यंत हातातले काम चालू ठेवता येते, जोहरची नमाज जमातीने अदा करून निघता येते. रमजानमध्ये मगरिबच्या आधी घरी पोहोचणार की वाटेत खजुरावर रोजा सोडावा लागणार, हे निघण्यापूर्वी ठरवता येते. थांब्याजवळ चहाचे किंवा रिपेअरिंगचे दुकान असलेल्यांनी फोन पाहून वयस्कर माणसांना बसची वेळ सांगितली, तर सवाबही मिळेल आणि गिऱ्हाईकही बसेल.

पासाबाबत मात्र आकडेमोड केल्याशिवाय पैसे भरू नयेत. 1 जून 2025 च्या भाडेवाढीत पाच किलोमीटरपर्यंत 10 रुपये, दहापर्यंत 20 आणि पंधरापर्यंत 30 रुपये भाडे झाले. दोन्ही महापालिकांच्या हद्दीतील दिवसाचा पास 40 वरून 70 आणि महिन्याचा 900 वरून 1500 रुपये झाला. दहा किलोमीटरच्या आत एकाच बसने जाणाऱ्याचे 26 दिवसांचे जाणे-येणे 1040 रुपयांत होते. त्याने महिन्याचा पास काढल्यास 460 रुपये अंगावर पडतात. 30 रुपयांच्या टप्प्यावरच्या माणसाला 1560 रुपये पडतात, म्हणजे पासाने जेमतेम 60 वाचतात, आणि तो एक दिवस आजारी पडला तर तेही नाहीत. दोन बस बदलून जाणाऱ्याला किंवा दिवसभर माल पोहोचवत हिंडणाऱ्याला पास बहुधा परवडतो. दिवसाच्या पासाचा नियम सोपा : त्या दिवसाची तिकिटे 70 च्या वर जाणार असतील तरच घ्यावा.

तक्रार करायची असल्यास ‘बस आलीच नाही’ एवढे लिहून काही निष्पन्न होत नाही. मार्ग क्रमांक, थांब्याचे नाव, तारीख, आपण थांबलेल्या वेळेची सुरुवात व शेवट, फोनवर त्या वेळी दिसलेल्या पडद्याचे चित्र, आणि गाडी दिसली असल्यास तिचा क्रमांक द्यावा. यंत्राने पाठवलेली नोंद केंद्रात असते आणि तपासता येते. एका वर्कशॉपातील सात-आठ जणांनी आठवडाभर अशी टिपणे ठेवून एकत्र अर्ज दिला, तर कोणती फेरी रोज बुडते हे कागदावरच दिसते. अशी टिपणे ज्यांच्याकडे असतील त्यांनी त्याची एक प्रत या पानाकडेही पाठवावी.