तक्रारीची वेगळी वाट

संगणकाची विद्या आम्ही शाळेत शिकलो नाही; गरजेपोटी शिकलो. एका कारखान्याच्या कचेरीत पगारपत्रके काढणारा प्रोग्रॅम होता. कारकून बाई खिडकीतले बटण दाबीत आणि पत्रके निघत. एका महिन्यात काहीच निघेना, पडद्यावर अक्षरही उमटेना. पगार लांबला आणि ठपका आला बाईंवर. वास्तविक प्रोग्रॅमने आपली अडचण सांगितली होती. ती ऐकायला कोणी नेमलेच नव्हते!

युनिक्स व लिनक्स पद्धतीत प्रत्येक प्रोग्रॅमला तीन वाटा मिळतात. ० क्रमांकाच्या वाटेने माल आत येतो, १ ने तयार माल बाहेर जातो आणि २ ने चुकांची वार्ता येते. ही शेवटली वाट आरंभी नव्हती. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत छायाचित्रणाने अक्षरजुळणी करणारे यंत्र आले. त्याचा कागद रसायनातून काढावा लागे. स्टीफन जॉन्सन सांगतात की, एके दुपारी अनेकांनी एवढा खटाटोप केला, तर कागदावर सुबक अक्षरांत एकच ओळ : फाईल उघडत नाही! मंडळी मोठ्याने कुरकुरली आणि दोन-चार दिवसांत चुकांना स्वतंत्र वाट मिळाली. कुरकुरीचे हे फळ पाहून आम्हांला फार संतोष वाटतो.

टर्मिनलवर ही वार्ता आपोआप दिसते. पण चित्रावर टिचकी मारून चालू केलेल्या प्रोग्रॅममागे टर्मिनल नसते. वार्ता कुठल्या तरी नोंदवहीत पडते, नाहीतर हवेत विरते. उपाय अवघड नाही. खिडकीच्या प्रोग्रॅमने कामाचा प्रोग्रॅम सुरू करताना त्याच्या २ क्रमांकाच्या वाटेला पाईप जोडावा आणि दुसऱ्या टोकाला येईल ते खिडकीतल्या चौकटीत लिहावे.

यात तीन पथ्ये आहेत. पहिले, वार्तेची वाट पाहत खिडकीने हातावर हात ठेवून बसू नये. नाहीतर ती गोठते. मजकूर आला की कळवा, असे सांगून तिने आपले काम चालू ठेवावे. दुसरे, १ व २ या दोन्ही वाटांना पाईप जोडले असतील, तर दोन्ही उपसत राहावे. लिनक्समध्ये पाईपात सामान्यतः ६४ किलोबाइट मावतात. एक तुंबला की लिहिणारा अडतो. वाचणारा दुसऱ्याच पाईपाशी ताटकळतो आणि दोघेही कायमचे थांबतात. तिसरे, २ वर मजकूर आला म्हणजे काम फसलेच असे नव्हे. तो नुसता इशाराही असू शकतो. निकाल शेवटच्या अंकावरून कळतो : शून्य म्हणजे यश, अन्य अंक म्हणजे बहुधा अपयश. आणि तो मजकूर उचलून दुसऱ्याला पाठवता यावा, हेही पाहावे.

त्या कचेरीत आम्ही आग्रह धरून अशी चौकट करवून घेतली. बटण दाबताच तीत ओळ उमटली : डिस्कवर जागा उरलेली नाही. बाईंवरचा ठपका मागे घेतला गेला. तक्रारीची वाट बुजवली म्हणजे दोष नाहीसा होत नाही. तो फक्त सर्वांत दुबळ्याच्या माथी येतो.