पेशीतले पाटकरी

श्रोतेहो, पाटाला पाणी सुटले म्हणजे मळ्यात काय धांदल उडते, ते तुम्हाला सांगायला नकोच. पाणी एकच असते. पण ते उसाला जाणार की गव्हाला, हे दारे धरणाऱ्याच्या खोऱ्यावर ठरते. धुळे भागात पांझरा नदीवर जुनी फड पद्धत आहे. तिथे हे काम पाहणाऱ्या माणसाला पाटकरी म्हणतात. आपल्या शरीरातल्या पेशीपेशीत असे पाटकरी आहेत. त्यांचे शास्त्रीय नाव प्रोटीन कायनेज. आज त्यांच्यातल्या दोघांची हकिकत सांगायची आहे, आणि ती उलगडली आपल्या पुण्यातच.

आधी हा पाटकरी करतो काय, ते पाहू. खताच्या पोत्यावर नत्र, स्फुरद, पालाश ही नावे तुम्ही वाचलेली असतात. त्यांतले स्फुरद आपल्या पेशीतही असते. स्फुरद आणि प्राणवायू मिळून जो गट होतो, त्याला फॉस्फेट म्हणतात. पेशीत एटीपी नावाचा एक पदार्थ असतो. त्याला असे तीन फॉस्फेट एकापुढे एक जोडलेले असतात. कायनेज त्यांतला शेवटचा काढतो आणि दुसऱ्या एखाद्या प्रथिनाला चिकटवतो. तेवढ्याने त्या प्रथिनाचा आकार पालटतो. जे स्वस्थ बसले होते ते कामाला लागते, किंवा जे काम करीत होते ते थांबते. दारे उघडले म्हणा ना! काम झाल्यावर फॉस्फेट काढून घेणारी प्रथिनेही असतात. ती दारे पुन्हा बंद करतात.

अमेरिकेत सिअॅटल येथे एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्ज यांनी १९५५ च्या सुमारास सशाच्या स्नायूंवर काम करताना ही युक्ती प्रथम ओळखली. १९९२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाच्या शरीरात असे पाचशेहून अधिक निरनिराळे कायनेज आहेत, हे आता ठाऊक झाले आहे. पुष्कळदा एक कायनेज दुसऱ्याला जागे करतो, दुसरा तिसऱ्याला. असा पेशीच्या दारावर आलेला निरोप थेट गाभ्यापर्यंत पोहोचतो.

आता तुम्ही विचाराल, यात आमच्या जिवाशी संबंध कुठे आला? तोच सांगतो.

आपल्या रक्तामांसात महाभक्षी नावाच्या पेशी असतात. जंतू दिसला की गिळायचा, हा त्यांचा धर्म. पण लीशमानिया नावाचा एक परजीवी असा चिवट की, गिळला गेल्यावर तो त्या पेशीच्या पोटातच बिऱ्हाड करतो. वाळूमाशी चावली म्हणजे तो माणसाच्या अंगात शिरतो. त्याच्या एका जातीमुळे काळा आजार होतो. ताप आठवडेच्या आठवडे हटत नाही, प्लीहा वाढून पोट फुगते, माणूस खंगत जातो. उपचार झाले नाहीत तर बहुधा दगावतो. बिहार, झारखंड, बंगाल या भागांनी या आजाराचे फार सोसले आहे.

शरीर गप्प बसत नाही. मदतनीस पेशी येऊन महाभक्षी पेशीचे दार ठोठावतात. त्या दाराचे नाव सीडी ४०. निरोप असा, की ‘शत्रू तुझ्या पोटात आहे, त्याला मार.’ मग निरोप जातो, तरी शत्रू का मरत नाही?

पुणे विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र ही संस्था आहे. तेथील डॉ. भास्कर साहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर प्रयोग करून या प्रश्नाचा माग काढला. त्यांचे निष्कर्ष २००३ आणि २००४ साली प्रसिद्ध झाले. त्यांना असे दिसले की, सीडी ४० या एकाच दारापासून दोन पाट फुटतात. एकावर पी ३८ नावाचा कायनेज, दुसऱ्यावर ईआरके नावाचा. निरोप जोरकस असला तर पी ३८ कामाला लागतो. मग इंटरल्यूकिन-१२ हे लढाईचे रसायन तयार होते आणि परजीवीला मारणारा नायट्रिक ऑक्साइडही. निरोप क्षीण असला तर ईआरके पुढे सरसावतो. त्यातून इंटरल्यूकिन-१० तयार होते आणि लढाई थंडावते. एक वाढला की दुसरा दबतो.

थंडावणे वाईटच असे समजू नका. लढाई आवरली नाही तर शरीर स्वतःचीच हानी करून घेते. दोन्ही वाफ्यांना पाणी हवे. प्रश्न वेळेचा आणि मापाचा आहे. लीशमानिया लबाडी करतो ती नेमकी इथे. पी ३८ चे दारे तो बुजवतो आणि पाणी ईआरकेच्या वाफ्यात वळवतो. रात्री गुपचूप दुसऱ्याच्या बाऱ्याचे पाणी फोडणाऱ्या शेजाऱ्यासारखाच की! निरोप आला, पाणीही सुटले, पण पीक वाळले. संशोधकांनी पी ३८ ला चेतवणारे औषध दिले, तेव्हा उंदरांच्या पेशींची मारक शक्ती परत आली.

उंदराचे औषध ते माणसाचे औषध नव्हे, हे मात्र विसरू नये. काळ्या आजारावर आज जी औषधे देतात ती परजीवीलाच मारणारी आहेत. पण कायनेजवर चालणारी औषधे माणसाला मिळालेली आहेत. रक्ताच्या एका कर्करोगात एका कायनेजचे दारे उघडेच राहते आणि पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. ते दारे लावणारी इमॅटिनिब ही गोळी २००१ पासून वापरात आहे. तिने असंख्य रोग्यांना वर्षानुवर्षांचे आयुष्य दिले.

गुरुजनहो, हा धडा शाळेच्या आवारात शिकवता येईल. एक चर खणा, पुढे दोन वाफे करा, तांब्याभर पाणी सोडा आणि मुलांच्या हाती खुरपे द्या. पाणी तेच, दारे बदलले की भिजणारा वाफा बदलतो, हे मुलांना डोळ्यांनी दिसेल.

आणि गावातला कोणी त्या भागात कामाला जाऊन आला असेल, दोन आठवड्यांवर ताप हटत नसेल, तर अंगारेधुपारे करीत बसू नका. त्याला सरकारी दवाखान्यात न्या आणि तो कुठून आला आहे, ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.