व्यापारामागून वस्ती – भाग ७ : कापूस, तांडा आणि खामगावचा फाटा

मागच्या भागात आपण कॅनडात होतो. १६७० मध्ये सनद मिळालेल्या हडसन्स बे कंपनीने बीव्हरच्या कातड्यांवर दोनशे वर्षं अफाट मुलूख राखला आणि १८७० मध्ये तीन लाख पौंड घेऊन त्यावरचा हक्क सोडला. मग शिकाऱ्यांच्या रानात शेतकरी शिरले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो वऱ्हाडात, खामगावच्या रेल्वेफाट्याचं उद्घाटन करत होते. आपल्याकडे कातडी नव्हती, कापूस होता.

वऱ्हाड इंग्रजांकडे गेलं ते उधारीपोटी. हैदराबाद कंटिंजंट या फौजेचा खर्च निजामाकडे थकला, आणि १८५३ च्या तहाने ईस्ट इंडिया कंपनीने तिथला कारभार घेतला, सावकाराने गहाणाची जमीन कसायला घ्यावी तसा. त्या बाकीपोटी नेमकी काळी, कापसाची जमीनच जावी, हा मला तरी निव्वळ योगायोग वाटत नाही.

तोवर इथला कापूस लमाण, म्हणजे बंजारे, वाहत. शेकडो बैलांच्या पाठीवर गोण्या लादून तांडे गंगाकाठच्या मिर्झापूरला जात. तिथून माल नावांनी कलकत्त्याला. वाटेत कापूस भिजे, धुळीने मळे, म्हणून विलायतेतले गिरणीवाले कुरकुरत. पण तांड्याला बांधीव सडक लागत नसे. त्याला लागे ती चराई. वाटेवरच्या पडीक रानातल्या गवतावर हा सगळा व्यापार चाले.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस अडकला आणि इकडचा भाव भडकला. १८६५ मध्ये ती संपली, भाव कोसळले, मुंबईत भल्याभल्यांची दिवाळी निघाली. वऱ्हाडात मात्र पेरा मागे हटला नाही. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, मग खामगाव-अमरावतीचे फाटे झाले. रूळ पोचले, कारण गरज मँचेस्टरची होती.

लमाणांचा धंदा रेल्वेने बुडवला, असं आपण सहज म्हणून जातो. ते अर्धंच खरं आहे. रेल्वेने पाठीवरचा माल नेला. गवताची रानं वहितीखाली आली तेव्हा बैलांच्या तोंडचा घास गेला. फाट्यापासून आडगावच्या बाजारापर्यंत वाहतूक उरलीच होती, पण चराईवाचून तांडा पोसायचा कसा? गाडीबैल राखणाऱ्या कास्तकाराने ते काम घेतलं. फिरणारे तांडे हळूहळू गावांच्या कडेला स्थिरावले आणि नांगराकडे, मजुरीकडे वळले. फिरस्त्यांवर आधीच संशय धरणाऱ्या सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे ठिकठिकाणी बंजारे त्याच्या कचाट्यात सापडले. महाराष्ट्रात हा समाज आजही विमुक्त जातींच्या यादीत आहे, त्याचं मूळ इथे आहे.

पुढच्या भागात यवतमाळ–मूर्तिजापूरची अरुंद रुळांची ‘शकुंतला’, आणि तिची मालकी स्वातंत्र्यानंतरही खासगी कशी राहिली, ते पाहू.