मूल बोलत नाही? आधी कान तपासा

दोन वर्षांचं मूल ‘आई’, ‘बाबा’, ‘नको’ एवढ्यावरच अडलं की घरातल्या मोठ्यांचं उत्तर तयार असतं: मुलगे उशिराच बोलतात, याचा बापही उशिराच बोलला होता. मुली थोड्या आधी बोलू लागतात हे खरं. पण हा फरक सरासरी काही महिन्यांचा असतो, वर्षांचा नव्हे. साधारण वर्षाच्या सुमारास पहिला शब्द आणि दोन वर्षांपर्यंत ‘दूध दे’, ‘बाबा आले’ अशी शब्दांची जोडी यायला हवी. ती आली नाही तर स्पीच थेरपिस्टला दाखवावं. येत असलेले शब्दच बंद झाले, तर अजिबात थांबू नये.

तपासणी सुरू होते ती कानापासून. ‘दार आपटलं की दचकतो, म्हणजे ऐकू येतं’ हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज. दाराचा दणका खालच्या पट्टीतला असतो, शिवाय त्याचा हादरा अंगाला जाणवतो. ‘स’, ‘श’ असे बारीक ध्वनी अजिबात ऐकू न येणारं मूलही त्याला दचकतं. जन्मतः कर्णबधिर बाळंसुद्धा पहिले काही महिने हुंकार देतात, म्हणून आईवडील निर्धास्त राहतात आणि मोलाचा काळ निघून जातो. बेरा ही श्रवणचाचणी तर झोपलेल्या बाळाचीही करता येते.

‘जीभ जड आहे’ म्हणून वेखंड चाटवण्याने वाचा येत नाही. जिभेखालचा पडदा आखूड असेल तर काही उच्चार अडखळू शकतात, पण मूल बोलतच नाही याचं कारण तो नसतो. दोन भाषा कानावर पडल्यानेही वाचादोष होत नाही. तेव्हा इंग्रजी शाळेपायी घरातली मराठी बंद करू नये, मग घर पुण्यात असो वा न्यू जर्सीत.

स्पीच थेरपी फक्त मुलांसाठी असते, हेही खरं नाही. पुढे इंग्लंडचे राजे झालेले सहावे जॉर्ज तोतरेपणासाठी स्पीच थेरपिस्ट लायोनेल लोग यांच्याकडे 1926 मध्ये गेले, तेव्हा ते तिशीत होते. पक्षाघातानंतर शब्द न सापडणाऱ्या आजोबांना घरचे भ्रमिष्ट समजतात. पुष्कळदा त्यांना समोरच्याचं बोलणं बरंचसं कळत असतं. गिळताना वारंवार ठसका लागत असेल, तरी स्पीच थेरपिस्टच मदत करतात. आवाज तीन आठवड्यांहून अधिक बसलेला असेल, तर मात्र आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावं.

थेरपिस्ट निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, हे जरूर विचारा.