जुन्या मोटारीचा टेप : बिघाड आणि त्याचे कारण



आपल्या संस्थेच्या कार्यक्रमांना एका ज्येष्ठ सभासदांची जुनी मारुती ८०० नेहमी येते. वैशाख पौर्णिमेला सोपाऱ्याच्या स्तूपाकडे जाताना तिच्या टेपवर बुद्धवंदना आणि धम्मगीते लावण्याचा आपला प्रघात आहे. एका वर्षी नेमका आदल्या दिवशी टेप बिघडला. दिवा लागे, पण आवाज वाढवताच सगळे बंद पडे. एका कारागिराला दाखवले. त्याने वायरीला हातही न लावता सांगितले, "सेट गेला, नवा बसवा." वर्गणीच्या पैशांतून नवा सेट घ्यायचा की वंदनेविना जायचे, असा प्रश्न उभा राहिला. अखेर मीच मीटर घेऊन तासभर बसलो. सेट चांगलाच होता. पायाजवळच्या चटईखालील एक स्क्रू गंजला होता, एवढेच. काचपेपरचा एक तुकडा पुरला.

मी कला शाखेचा पदवीधर आणि बँकेतला कारकून. म्हणजे या कामाला पदवी लागत नाही. लागते ती एकच गोष्ट : कारण सापडल्याशिवाय वस्तू बदलायची नाही. प्रत्येक घटनेला कारण असते, ही तथागतांची शिकवण बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आपल्यापुढे ठेवली. ती वायरीलाही लागू पडते.

आपल्याकडे हा बिघाड जास्त का होतो?

वसई-विरारची हवा खारी आहे. खाडी, मिठागरे आणि समुद्र जवळ असल्याने तांब्याच्या तारेवर हिरवट थर चढतो आणि लोखंडी पत्र्याला गंज धरतो. त्यात पावसाचे पाणी. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपारा परिसर पाण्याखाली गेला, तेव्हा कितीतरी गाड्यांच्या आसनांपर्यंत पाणी आले. गाडी वाळली, चालूही झाली. पण चटईखालच्या जोडांत शिरलेले पाणी आपले काम पुढे करीतच राहिले. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. त्यामुळे आज रस्त्यावर असलेल्या या गाड्यांनी असे अनेक पावसाळे पाहिलेले आहेत. शिवाय बहुतेकींत टेप नंतर बसवलेला असतो, तोही वायरी नुसत्या पिळून आणि वर टेपपट्टी गुंडाळून.

वायरींची ओळख

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक सेटच्या वायरींचे रंग ठरलेले असतात. पिवळी वायर बॅटरीतून सतत वीज आणते. घड्याळ आणि रेडिओची केंद्रे तिच्यामुळे लक्षात राहतात. तांबडी वायर चावी फिरवल्यावर वीज आणते. काळी वायर अर्थिंगची, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडायची. स्पीकरच्या वायरी जोडीने येतात : पांढरी पुढचा डावा, करडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा आणि जांभळी मागचा उजवा. काळी रेघ असलेली वायर त्या जोडीतील ऋण. मात्र जुन्या गाडीत आधीच्या कारागिराने हाताला आला तो रंग जोडलेला असू शकतो. म्हणून रंगावर विश्वास ठेवण्यापूर्वी मीटरने खात्री करावी.

तपासणीचा क्रम

साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. वायर कापण्यापूर्वी किंवा जोडण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार सोडावी. फक्त मोजमाप करताना ती जोडलेली ठेवावी.

१) सेट पूर्ण बंद असेल, तर प्रथम फ्यूज पाहावेत. एक सेटच्या पाठीमागे असतो, दुसरा गाडीच्या फ्यूजपेटीत. नंतर पिवळ्या वायरीवर सुमारे १२.५ व्होल्ट येतात का आणि चावी फिरवल्यावर तांबडीवरही तेवढेच येतात का, ते मोजावे.

२) आवाज वाढवताच सेट बंद पडत असेल, तर अर्थिंगचा संशय घ्यावा. सेट चालू ठेवून मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण बाजूस आणि दुसरे सेटच्या काळ्या वायरीस लावावे. तेथे जवळजवळ शून्य दिसले पाहिजे. आमच्या गाडीत आवाज वाढवल्यावर चार व्होल्ट दिसले; म्हणजे सेटला बारांपैकी जेमतेम आठच मिळत होते. स्क्रू काढून पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, नवी कडी लावून घट्ट आवळला आणि वर थोडे ग्रीस लावले. मीटर शून्यावर आला.

३) एकच स्पीकर मुका असेल, तर त्याच्या वायरी सेटपासून सोडवून दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवावा. 'खर्र' असा आवाज आला तर स्पीकर आणि वायर दोन्ही ठीक. नाही आला, तर दाराच्या बिजागरीपाशी पाहावे. दार उघडझाप करून वायर आतल्या आत तुटते. चार ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण साडेतीन ओहम दाखवतो. स्पीकरची कोणतीही वायर पत्र्याला लागू देऊ नये; आजच्या सेटचा त्याने कायमचा नाश होऊ शकतो.

४) इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू येत असेल, तर ती अल्टरनेटरकडून येते. अर्थिंग तपासावे. वेगळा अॅम्प्लिफायर असेल, तर विजेची वायर गाडीच्या एका बाजूने आणि आवाजाची दुसऱ्या बाजूने न्यावी.

५) गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते, तेव्हा तांबडी आणि पिवळी वायर एकत्र पिळलेली आहे का, ते पाहावे. अर्धा अँपिअर जरी सतत वाहत राहिला, तरी ३५ अँपिअर-तासांची बॅटरी ७० तासांत रिकामी होते.

फ्यूजशी खेळ नको

ही गोष्ट मुद्दाम शेवटी सांगतो. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्याजागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा तारेचा तुकडा घालणारे लोक मी पाहिले आहेत. फ्यूज हा सेटसाठी नसून वायरीच्या रक्षणासाठी असतो. तो उडतो, कारण कुठेतरी सोललेली वायर पत्र्याला लागते. तेव्हा आपण फ्यूजच काढून टाकला, तर वायर तापते, तिचे आवरण पेटते आणि आत माणसे बसलेली असतात. गॅसवर चालणाऱ्या गाडीत तर याचा विचारही करू नये. दहा अँपिअरचा तांबडा फ्यूज उडाला, तर दहाचाच घालावा आणि कारण शोधावे. पत्र्याच्या भोकातून वायर नेताना रबरी वाशर घालावा. जोडाला डाग देऊन वर स्लीव्ह चढवावी. अॅम्प्लिफायरला थेट बॅटरीतून वायर आणल्यास बॅटरीपासून वीतभर अंतरातच फ्यूज बसवावा.

विद्यार्थी मित्रांना एक विनंती आहे. शाळेत तुम्ही ओहमचा नियम पाठ करता. रविवारी एखाद्या जुन्या गाडीजवळ मीटर घेऊन बसा, म्हणजे तो समजेलही. आणि कार्यकारिणीस नम्र सूचना : संस्थेच्या वाचनालयात पुस्तकांबरोबर एक मल्टिमीटर ठेवावा. त्या दिवशी वाचलेले वर्गणीचे पैसे पाहता त्याची किंमत केव्हाच वसूल झाली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी स्तूपाकडे निघाली, तेव्हा वंदना शेवटपर्यंत स्पष्ट ऐकू आली. टेप तोच होता.

नमो बुद्धाय! जय भीम!