ॲपवर जेवण पोचवणाऱ्यांच्या गाडीचा विमा किती उपयोगाचा?

भिवंडी असो, मुंब्रा असो की पुण्याचा कोंढवा, मगरिबनंतर कुठल्याही मोहल्ल्याच्या नाक्यावर पाहा. गाडीवर चौकोनी पेटी बांधलेली, मोबाईलकडे डोळे लावलेली आपली मुले उभी दिसतील. बंगलोरची स्विगी २०१४ सालची. झोमॅटो त्याआधी हॉटेलांची माहिती देत असे, घरपोच जेवणाचे काम तिने २०१५ मध्ये हाती घेतले. दहा-अकरा वर्षांत या धंद्याने हजारो घरांत चूल पेटवली आहे. कोणी दिवसा लूमवर आणि रात्री ॲपवर, कोणी कॉलेज सांभाळून, तर कोणी बापाची कापडाची फेरी बंद पडली म्हणून. मेहनतीची रोजी आहे, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही.

या कामात गाडी मुलाची, पेट्रोल मुलाचे, टायर आणि सर्व्हिसिंगही त्याचेच. एका ऑर्डरमागे किती सुटतात हा हिशेब या मुलांना तोंडपाठ असतो. विम्याचे विचारले की मात्र उत्तर येते, "आहे ना, पाच वर्षांचा आहे." हे पाच वर्षांचे प्रकरण आधी समजून घ्यावे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना थर्ड पार्टी विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा त्याच कागदावर बहुधा एकाच वर्षाचा असतो. वर्ष संपले की तो संपला, आणि कागद मात्र पाच वर्षांचा म्हणून डिकीत तसाच पडून राहतो.

पण खरी अडचण मुदतीची नाही, वापराची आहे. खाजगी दुचाकी आणि खाजगी मोटार यांच्या पॉलिसीत 'वापराच्या मर्यादा' म्हणून एक कलम असते. बारीक अक्षरात असल्याने ते कोणी वाचत नाही. त्याचा आशय असा की ही पॉलिसी सर्व कामांना लागू आहे, मात्र काही कामे वगळून. वगळलेल्या कामांत पहिले आहे भाड्यासाठी किंवा मोबदल्यासाठी वापर. दुसरे आहे मालाची वाहतूक, त्यात सूट फक्त नमुन्यांना आणि स्वतःच्या सामानाला. पुढे शर्यती वगैरे येते, त्याच्याशी आपला संबंध नाही.

कापडवाल्याला हे लगेच उमजेल. ताक्यातला हातभर तुकडा कापून गिऱ्हाइकाला दाखवायला स्कूटरवरून नेला तर तो नमुना झाला. तेच दोन ताके पुढे ठेवून दुकानी पोचवायला निघालो तर तो माल झाला. बिर्याणीचा डबा नमुना नव्हे आणि पोचवणाऱ्याचे स्वतःचे सामानही नव्हे. म्हणजे ज्या कामासाठी गाडी रोज आठ-दहा तास रस्त्यावर असते, नेमके तेच काम पॉलिसीने बाहेर ठेवलेले आहे.

मग अपघात झाला तर काय होते? समोरच्या माणसाला इजा झाली किंवा तो दगावला तर दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जातो. तेथे विमा कंपनीला हात झटकण्यासाठी मोजकीच कारणे सांगता येतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५० मध्ये ती दिली आहेत. परवाना नसलेली गाडी अटीविरुद्ध भाड्यासाठी किंवा मोबदल्यासाठी चालवली, हे त्यांपैकी एक. जेवण पोचवणे यात बसते की नाही यावर वकील दोन्ही बाजूंनी बोलतील. जखमीला बहुधा रिकाम्या हाताने पाठवले जात नाही. अनेकदा न्यायालय सांगते की कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि मग गाडीमालकाकडून वसूल करावेत. २०१८ मधील अमृत पाल सिंग विरुद्ध टाटा एआयजी या खटल्यात परवाना नसलेल्या ट्रकबाबत सर्वोच्च न्यायालयाने हेच केले. जखमीच्या दृष्टीने हा न्याय चांगला. मालकाच्या दृष्टीने पाहा. मृत्यू आणि शारीरिक इजा यांच्या भरपाईला थर्ड पार्टी विम्यात वरची मर्यादा नसते, रक्कम कित्येक लाखांची होऊ शकते. ती कंपनी मालकाकडे मागायला आली तर हप्ता भरूनही विमा नसल्यासारखेच.

आणि मालक कोण? आपल्याकडे गाडी बहुतेक वेळा अब्बांच्या किंवा मोठ्या भावाच्या नावावर असते. चालवतो धाकटा. वसुली त्याच्यावरच थांबत नाही, आरसी बुकात ज्याचे नाव आहे त्याच्याकडे येते. अब्बांना ॲप उघडताही येत नसेल, पण दुकान आणि राहते घर त्यांच्या नावावर आहे. जुन्या गाडीच्या सौद्यातही हाच धोका आहे. पैसे घेतले, चावी दिली, नाव बदलायचे राहिले असे सर्रास चालते. २०१८ मध्येच नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की गाडी पुढे कितीही हातांत गेली असली तरी नोंदीत ज्याचे नाव आहे तोच मालक धरला जाईल. तुमची विकलेली स्कूटर आज कोणी अनोळखी मुलगा रात्री दोनपर्यंत डिलिव्हरीसाठी फिरवत असेल आणि नाव तुमचेच असेल, तर आरटीओत जाऊन ते काम आधी उरका.

स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा ही तुलनेने लहान बाब आहे. वापराच्या अटीवर बोट ठेवून कंपनी तो साफ नाकारू शकते. अमलेंदु साहू या २०१० च्या खटल्यात खाजगी गाडी भाड्याने दिली होती. तेथे न्यायालयाने म्हटले की अशा कारणाने सगळाच दावा बुडवता येत नाही, काही भाग द्यावा. ज्याचा दावा नाकारला गेला आहे त्याने हा निकाल वकिलाला जरूर दाखवावा.

मुले म्हणतात, कंपनी आमचा विमा काढते. खरे आहे, ॲपवाल्या कंपन्या गट अपघात विमा ठेवतात. पण तो मुलाच्या शरीराचा विमा आहे. दवाखाना, अपंगत्व, मृत्यू यांपुरता. मुलगा ऑर्डरवर किंवा ॲपवर हजर असतानाच तो सहसा लागू होतो. गाडी मोडली किंवा रस्ता ओलांडणारी म्हातारी जखमी झाली तर त्याचा उपयोग नाही. गाडीच्या पॉलिसीत मालक-चालकासाठी १५ लाखांचे अपघात संरक्षण असते, २०१८ मध्ये नियामकाने त्याचा वार्षिक हप्ता ७५० रुपये ठरवला होता. पॉलिसीच्या शब्दांत ते नोंदणीकृत मालकासाठी आहे. गाडी बापाची आणि हँडल मुलाच्या हाती असेल तर मुलाला ते हक्काने मिळेल असे धरून चालू नये.

हल्ली पुष्कळ मुले किरायाच्या छोट्या बॅटरी गाड्या चालवतात. २५० वॅटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग असलेली गाडी कायद्याच्या व्याख्येत मोटार वाहनच नाही. नंबर प्लेट नाही, लायसन नाही, विम्याची सक्ती नाही. मुलांना ही सोय वाटते. पण अशा गाडीखाली कोणी जखमी झाले तर पाठीशी कोणतीही विमा कंपनी नाही, भरपाई थेट खिशातून. किरायाने देणाऱ्याने विमा घेतला आहे काय आणि तो कोणाला संरक्षण देतो, हे लेखी विचारून घ्यावे.

आता थोडे व्यापारी बांधवांविषयी, कारण हे दुखणे फक्त जेवणवाल्यांचे नाही. आपण दुकानातल्या पोराला त्याच्याच बाइकवर माल घेऊन पिटाळतो. घरच्या खाजगी व्हॅनची मागची सीट काढून तिच्यात गाठी भरतो. कारण उघड आहे, हप्त्याचा फरक. जून २०२२ मध्ये ठरलेल्या दरांत १००० ते १५०० सीसीच्या खाजगी मोटारीचा थर्ड पार्टी हप्ता ३,४१६ रुपये आहे, तर साडेसात टनांपर्यंतच्या माल गाडीचा १६,०४९, वर जीएसटी. बारा-साडेबारा हजार वाचले असे वाटते. दुचाकीचा तर ७५ ते १५० सीसीला अवघा ७१४ रुपये. स्वस्त पॉलिसीवर महाग जोखीम चढवायची, हा धंद्याचा हिशेब माझ्या मते चुकीचा आहे. हुंडेकऱ्याला आपण बिल्टीशिवाय गाठ देत नाही, मग गाडीबाबत एवढी ढिलाई कशाला?

विमा शरियतीत बसतो की नाही, हा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्यांनी आपल्या आलिमांना विचारावे, तो माझा प्रांत नाही. थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे. तो नसेल तर पहिल्या गुन्ह्याला २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आणि त्यातून भरपाई मिळते ती दुसऱ्याला, आपल्या गाडीने ज्याचे नुकसान झाले त्याला.

करायचे काय? पॉलिसी घेताना किंवा नूतनीकरणाच्या वेळी कंपनीला लेखी कळवावे की ही गाडी ॲपवरून जेवण पोचवण्यासाठी वापरली जाणार आहे. या वापराला संरक्षण आहे किंवा नाही याचे उत्तरही लेखीच घ्यावे. ईमेल पुरतो. एजंटचे "काही होत नाही, चाचा" हे वाक्य न्यायाधिकरणात उपयोगी पडत नाही. काहींना गाडी व्यावसायिक म्हणून नोंदवावी लागेल, म्हणजे पिवळी पाटी. माल गाडीचे एकूण वजन ३,००० किलोंपर्यंत असेल तर तिला परवान्याची गरज नाही, हे कलम ६६ मध्ये आहे. फिटनेस आणि नोंदणीचा खर्च मात्र येईल.

ब्रिटनमध्ये हा पेच आधी आला. तेथे खाजगी विमा आणि मोबदल्यासाठी चालवण्याचा विमा वेगळे आहेत, आणि २०१६ पासून डिलिव्हरीवाल्यांना तासाच्या हिशेबानेही विमा मिळू लागला. जितके तास काम, तितका हप्ता. आपल्याकडे जुलै २०२२ मध्ये नियामकाने गाडी जितकी चालेल तितका हप्ता, अशा जोड पॉलिसींना मुभा दिली, पण ती स्वतःच्या गाडीच्या नुकसानीपुरती. डिलिव्हरीच्या मुलांसाठी तासावारी थर्ड पार्टी विमा आणावा ही मागणी त्यांच्या संघटनांनी लावून धरायला हवी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ॲपवाल्या कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कामगारांच्या निधीत भरावी अशी तरतूद आहे. मुलांनी ई-श्रम पोर्टलवर नाव नोंदवून ठेवावे, खर्च नाही. हा निधी माणसासाठी आहे, गाडीच्या विम्याची जागा तो घेत नाही.

अपघातानंतर जखमीला दावा दाखल करायला सहा महिन्यांची मुदत आहे. तुम्ही जखमींच्या बाजूला असाल तर ती चुकवू नका. स्वतःच्या गाडीचा दावा कंपनीने नाकारला तर आधी कंपनीच्याच तक्रार विभागाकडे लिहावे. महिनाभरात समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे जावे, मुंबईत आणि पुण्यात त्याची कार्यालये आहेत. तेथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. कंपनीचे अंतिम नकाराचे पत्र मिळाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, म्हणून ते पत्र ज्या पाकिटात आले त्या पाकिटासकट जपून ठेवावे.